मुलांस द्यावयाच्या भेटी : किती म्हणजे पुरे?

डिसेंबर महिना लागला की आमच्या सभासद कुटुंबांतील कित्येक वडीलधाऱ्यांपुढे हल्ली एक प्रश्न नेमाने उभा राहतो, आणि तो आपल्या पंचांगातील कोणत्याही सणाचा नसतो. कोणाचा मुलगा लंडनला, कोणाची लेक टोरांटोस, कोणाचे भाचे-पुतणे लिस्बन शहरी. तेथे जन्मलेली नातवंडे तेथल्याच शाळेत जातात, आणि नाताळच्या सुटीपूर्वी त्या शाळांतून एकच विषय चघळला जातो : यंदा तुला काय मिळणार? मूल तोच प्रश्न घरी आणते, आईबाप तो दूरध्वनीवरून आपल्या आईबापांपुढे ठेवतात. भेटी द्याव्या की न द्याव्या हा वाद पहिल्या दोन वर्षांतच मिटलेला असतो. मूल वर्गात एकटे पडू नये एवढ्यासाठी त्या दिल्या जातातच. उरतो तो पैशाचा प्रश्न. किती खर्च करावा?

‘सण आपला नव्हे, मग एक कवडी तरी कशाला?’ हे उत्तर आमच्या काही वृद्ध सभासदांस पुरेसे वाटते. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. नाताळाच्या नावाने जो प्रश्न लंडनला विचारला जातो तोच दिवाळीत, वाढदिवसास आणि मुंजीत फोंड्याच्या घरांतूनही विचारला जात असतो. फक्त येथे त्यावर फराळाचे, कपड्यांचे आणि मानपानाचे इतके पदर चढलेले असतात की मुलाच्या वाट्याचा खर्च निराळा दिसत नाही. तिकडे तो उघडा पडला आहे. म्हणून तिकडचे उदाहरण घेऊनच विचार करणे सोयीचे.

या प्रथेचे मूळ शोधू गेल्यास आपण चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील मायरा नगरात जाऊन पोहोचतो. तेथे निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका आपल्या आजीने सांगितली असती तरी परकी वाटली नसती. एका धुळीस मिळालेल्या गृहस्थाच्या घरी तीन उपवर मुली होत्या; हुंड्यावाचून त्यांची लग्ने होईनात, आणि त्यांना विकण्याची पाळी येते की काय अशी अवस्था झाली. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. असे तीन वेळा केले, आणि देणारा कोण हे कोणास कळू नये अशी खबरदारी घेतली. ज्या भेटीतून पुढे एवढी मोठी परंपरा निघाली ती भेट अशी गुप्त होती, निकडीची होती, आणि तिची रक्कम घेणाऱ्याच्या नडीवरून ठरलेली होती. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

निकोलसचा दिवस ६ डिसेंबर. हॉलंडात मुले आजही त्याच्या आदल्या संध्याकाळी आपली पादत्राणे मांडून ठेवतात. जर्मनीतील सुधारक पंथीयांस संतपूजा नको होती, म्हणून त्यांनी भेटींचा दिवस नाताळाकडे सरकविला आणि देण्याचे श्रेय बाळ ख्रिस्तास दिले. पोर्तुगालातही भेटी बाळ येशू आणतो असेच मुलांस सांगत. स्पेनमध्ये त्या ६ जानेवारीस येतात, आणि आणणारे असतात ते पूर्वेकडून आलेले तीन राजे. त्यांचा उत्सव आपल्या गोव्यात रेईश मागुश, कासावली आणि चांदर येथे मुलांस मुकुट घालून आजही साजरा होतो. उलट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता! तारीख, देणारा, देण्याची रीत, यांपैकी काहीही शास्त्राने ठरलेले नाही, हे यावरून दिसते. खर्चाचा आकडा तर नाहीच नाही.

आज जो लाल पोशाखाचा सांता क्लॉज सर्वत्र दिसतो त्याची बरीचशी घडण एकोणिसाव्या शतकातील न्यूयॉर्ककडची. १८२३ साली तिकडच्या एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या एका कवितेने त्याची घसरगाडी, हरणे आणि धुराड्यातून उतरणे घरोघर नेले. त्या रीतीत मुले चुलाण्यापाशी पायमोजे टांगून ठेवीत आणि भेट त्या मोज्यात पडे. संत्रे, मूठभर अक्रोड, एखादे लहानसे खेळणे; मोज्यात मावेल तेवढेच. आपल्या मराठीत ‘मोजा’ या शब्दाचा दुसराही अर्थ होतो, आणि तो येथे किती चपखल बसतो पाहा. त्या पायमोज्यात एक माप होते. घर श्रीमंताचे असो वा मजुराचे, मुलाच्या पायाहून मोजा फार मोठा होत नाही. पुढे भेटी मोज्याबाहेर आल्या, झाडाखाली रचल्या जाऊ लागल्या, आणि झाडाखालच्या जमिनीस काही माप नाही.

येथेच एक नैतिक घोटाळा शिरला, आणि त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही असे आम्हांस वाटते. मुलांस सांगितले जाते की वर्षभर शहाण्यासारखे वागणाऱ्यास सांता चांगली भेट आणतो. आता एकाच वर्गात शेजारी शेजारी बसणारी दोन मुले घ्या. एकाचा बाप मोठ्या पेढीत अधिकारी. सांता त्याच्यासाठी दुचाकी, खेळाचे यंत्र आणि आणखी पाच पेटारे ठेवून जातो. दुसऱ्याची आई रात्रपाळीस रुग्णालयात लादी पुसते. त्याच्याकडे सांता एक चित्रांची वही ठेवतो. जानेवारीत शाळा उघडते. दुसऱ्या मुलाने यावरून काय समजावे? सांता सर्वांस सारखाच जाणतो, त्यास पैशाची वाण नाही, तो केवळ वागणूक पाहतो. तेव्हा उणीव आपल्यातच असली पाहिजे, हा निष्कर्ष त्या सहा वर्षांच्या बालकाने काढला तर त्याचे तर्कशास्त्र बिनचूक आहे. खोटे आहे ते गृहीत, आणि ते गृहीत मोठ्या माणसांनी पुरविलेले आहे. दारिद्र्य सोसण्याची ताकद मुलात असते; परंतु दारिद्र्य म्हणजे आपल्या दुर्गुणाचे फळ असे त्यास वाटू देणे हा निराळाच अपराध होय.

तिकडील काही विचारी आईबाप यावर एक साधा तोडगा काढतात, आणि तो आम्हांस फार पसंत आहे. सांताच्या नावाने एकच लहान वस्तू द्यावयाची. मोठी वस्तू द्यावयाचीच असेल तर ती उघडपणे आईबापांच्या नावाने द्यावयाची. मग दुसरे मूल एवढेच म्हणते की त्याच्या बाबांपाशी पैसे जास्त आहेत. ते खरे असते, आणि खरे बोलणे मुलास सोसवते.

हा तोडगा मान्य केला म्हणजे मात्र एक मोठी गोष्ट मान्य करावी लागते. मी माझ्या पैशाने माझ्या मुलास काय द्यावे हा सर्वस्वी माझा खासगी प्रश्न आहे, असे यापुढे म्हणता येत नाही. अॅडम स्मिथ या स्कॉटिश पंडिताने १७७६ च्या आपल्या ग्रंथात आवश्यक वस्तू कशास म्हणावे याचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे की जगण्यास लागते तेवढेच आवश्यक नव्हे. ज्या वस्तूवाचून चारचौघांत वावरताना सामान्य माणसास लाज वाटते तीही आवश्यक. त्याने उदाहरण दिले ते तागाच्या सदऱ्याचे. प्राचीन ग्रीक व रोमन लोक त्यावाचून सुखात राहिले. स्मिथच्या काळच्या रोजंदाराला मात्र तसा सदरा अंगात नसेल तर बाहेर पडण्याची शरम वाटे. आता हा सदरा आवश्यक कोणी केला? ज्यांना तो परवडत होता त्यांनी. त्यांच्या मनात तसा हेतू मुळीच नव्हता. त्यांनी आपल्या पैशाने आपले कपडे घेतले, इतकेच.

मुलांच्या भेटींचे असेच आहे. वर्गातील पाच मुलांस महागडा भ्रमणध्वनी मिळाला की सहाव्याच्या आईची खरेदी त्याच दिवशी महाग झाली. तिने काही विकत घेतलेले नाही, तिची प्राप्ती बदललेली नाही, तरी ‘पुरे’ या शब्दाची किंमत तिच्यासाठी वाढली. सधन माणसाचा खर्च हा अशा रीतीने निर्धन शेजाऱ्यावर बसलेला कर असतो, आणि तो बसविणाऱ्यास त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून ‘मला परवडते’ हे उत्तर आम्ही अपुरे समजतो. परवडणारानेच आधी हात आखडावयास हवा, कारण न परवडणाऱ्याच्या हाती ते उरलेलेच नसते.

कॅनडातील क्वेबेक प्रांताने हा प्रश्न कायद्यानेही हाताळला आहे. तेरा वर्षांखालील मुलांस उद्देशून जाहिराती करण्यास तेथे १९८० पासून बंदी आहे. खेळणी विकणाऱ्या एका कंपनीने तिला आव्हान दिले, पण १९८९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. मुलास जाहिरात आणि सत्य यांतील भेद कळत नाही, तेव्हा त्यास गिऱ्हाईक समजून त्याच्याशी बोलू नये, हा त्यामागील विचार. आमच्याकडे तसा कायदा झाला तर आम्ही त्याचे स्वागत करू. तोवर निदान आजोबांनी स्वतःच दुकानदाराची जाहिरात बनू नये.

आजोबांचा विषय निघालाच आहे तर थोडे स्पष्ट लिहितो. १९९३ साली अमेरिकेतील येल विद्यापीठातील जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने एक मजेदार लेख प्रसिद्ध केला. नाताळात मिळालेल्या वस्तू तुम्ही स्वतः केवढ्यास घेतल्या असत्या, असे त्याने विद्यार्थ्यांस विचारले, आणि त्या उत्तराची देणाऱ्यास पडलेल्या किमतीशी तुलना केली. त्याच्या अंदाजाने किमतीचा दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा वायाच जातो. मित्रांनी दिलेल्या वस्तूंत तूट थोडी. दूर राहणारे आजीआजोबा, काकामामा यांच्या वस्तूंत ती जास्त. कारण उघड आहे : ज्यास आपण वर्षातून एकदा पाहतो त्याची आवड आपणांस कळत नाही, आणि न कळण्याची भरपाई आपण रकमेने करतो.

या हिशेबावर पुष्कळ टीका झाली, आणि टीकेची जागाही आहे. उत्तर देताना भावनेचे मोल वगळावे असे त्या विद्यार्थ्यांस सांगितलेले होते. आणि भावना वगळल्यावर भेटीत उरते काय? देवापुढच्या नारळाचा हिशेब खोबऱ्याच्या भावाने करण्यासारखेच ते झाले. तथापि त्या लेखातील बोच आजोबांच्या पिढीने मनास लावून घ्यावी. सहा हजार मैलांवरून मुलाची गैरहजेरी पैशाने भरून काढण्याचा मोह फार मोठा असतो. त्यातून सून-जावयाने घरात काही मर्यादा आखली असेल तर ती आजोबांच्या एका पार्सलाने कोलमडते. मुलास कळते की आई ‘नाही’ म्हणाली तरी वरचे न्यायालय फोंड्यास बसलेले आहे. म्हणून आमचे मत असे की आजीआजोबांनी आधी विचारावे आणि मग द्यावे. विचारण्यात कमीपणा नाही. सूनबाईला ‘काय पाठवू ग?’ असे विचारणारी सासू घरातील एक भांडण तरी कमी करते.

आता कर्जाविषयी. या बाबतीत आम्ही कठोर आहोत, आणि तसे राहण्याचा आमचा विचार आहे. मुलाच्या भेटीसाठी ऋण काढू नये. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल गावच्या एका बँकेने १९०९ साली ‘नाताळ मंडळी’ नावाची योजना काढली. दर आठवड्यास लहानशी रक्कम भरावयाची, ती मध्येच काढावयाची नाही, आणि डिसेंबराच्या तोंडावर एकदम घ्यावयाची. आपल्या बायकांच्या भिशीची ही चुलत बहीणच. असल्या योजना अमेरिकाभर पसरल्या याचे कारण त्यांत खर्च पुढे आणि साठवण आधी, असा क्रम होता. हल्लीच्या उधारीच्या पत्त्याने हा क्रम उलटा केला : वस्तू डिसेंबरात, हप्ते पुढल्या पावसाळ्यापर्यंत. मूल खेळण्यास मार्चमध्ये विसरते. बापास ते ऑगस्टपर्यंत आठवावे लागते.

परंतु साठविणारासही दैव नेहमी साथ देतेच असे नाही. इंग्लंडात फेअरपॅक नावाची एक कंपनी अशीच वर्षभर लोकांकडून हप्ते घेई आणि नाताळापूर्वी खाद्यपदार्थांचे करंडे व खरेदीची कुपने देई. ऑक्टोबर २००६ मध्ये ती बुडाली. सुमारे दीड लाख लोकांची साठवण अडकली, आणि त्यांत अल्प प्राप्तीची कुटुंबे पुष्कळ होती. ज्यांनी कर्ज टाळले, शिस्तीने पैसा बाजूस ठेवला, त्यांच्याच मुलांचा नाताळ कोरडा गेला. ही हकीकत सांगण्याचे कारण असे की गरीब माणूस मुलांच्या सणासाठी खर्च करतो तेव्हा त्यास उधळ्या म्हणण्याची सुखवस्तू लोकांस फार घाई असते. त्या दीड लाखांनी बारा महिने पोटास चिमटा घेतला होता. वर्षातील तीनशे चौसष्ट दिवस ज्या आईस आपल्या मुलास ‘नको’ म्हणावे लागते तिने एक दिवस ‘घे’ म्हटले, तर त्यास अपव्यय म्हणावे काय? आम्हांस म्हणवत नाही. आम्ही तिला एवढेच विचारू की तो ‘घे’ कोणाच्या पैशाने आहे. स्वतः उपाशी राहून दिला असेल तर तो तिचा अधिकार. किराणेवाल्याचे देणे थकवून दिला असेल, तर ती भेट वस्तुतः किराणेवाल्याने दिलेली आहे. हाच प्रश्न सधनासही लागू आहे, किंबहुना अधिक लागू आहे : घरकाम करणाऱ्या बाईचा पगार महिनाभर लांबवून नातवास पाठविलेले खेळणे हे त्या बाईच्या मुलाकडून घेऊन दिलेले असते.

आपल्याकडे अशा प्रसंगी सुदाम्याचे पोहे हटकून आठवतात, आणि वस्तू लहान असली तरी भाव मोठा असावा, असे सांगून विषय संपविला जातो. भागवतातील कथा याहून थोडी खोल आहे. ते पोहेदेखील सुदाम्याच्या घरचे नव्हते. त्याच्या पत्नीने शेजारीपाजारी मागून चार मुठी जमविले होते. रिकाम्या हाताने जाऊ नये हा त्या माउलीचा अभिमान. आणि द्वारकेचे वैभव दिसल्यावर सुदाम्यास आपल्या पुरचुंडीची लाज वाटली, त्याने ती पुढे केली नाही. म्हणजे लहान भेट देणारास लाज वाटते हे सत्य कथाकाराने लपविलेले नाही. ती लाज घालवली कोणी? घेणाऱ्याने, त्याने स्वतः हात पुढे करून पोहे घेतले. मुलांस द्यावयाचे शिक्षण असेल तर ते हे. देण्याचे धडे आपण पुष्कळ देतो. घ्यावे कसे, हे कोणी शिकवीत नाही.

कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्साची कथा आहे. विद्या संपली, गुरुदक्षिणा काय देऊ, असे कौत्साने विचारले. गुरू म्हणाले, तुझी सेवाच पुष्कळ झाली. शिष्याने हट्ट धरला, तेव्हा गुरू रागावले आणि चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मुद्रा आण म्हणाले. (आकडा असा रागातून जन्मला, हे नाताळच्या खरेदीस निघालेल्या पालकांनी विसरू नये.) कौत्स रघूकडे गेला तो रघूने यज्ञात सर्वस्व वाटून टाकलेले, हाती मातीचे पात्र. तरी याचक विन्मुख जाऊ नये म्हणून तो कुबेरावर चाल करून जाण्यास सिद्ध झाला, तो रातोरात कोशागारात सुवर्णवृष्टी झाली. रघू म्हणे, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणे, मला गुरूस द्यावयाचे आहे तेवढेच, एक नाणेही अधिक नको. अयोध्येचे लोक दोघांकडेही कौतुकाने पाहत राहिले. हात आखडणारा दाता आणि हावरा याचक यांचे भांडण आपण रोज पाहतो. येथे भांडण उलटे आहे, आणि ‘पुरे’ हा शब्द याचकाच्या मुखात आहे. मायरा नगरच्या त्या थैलीप्रमाणे येथेही रकमेचे माप घेणाऱ्याच्या प्रयोजनातून निघाले. दात्याचे भांडार किती भरले आहे यातून निघाले नाही.

एका सभासद गृहस्थांनी आम्हांस नियमच मागितला : महिन्याच्या प्राप्तीचा अमुक हिस्सा मुलांच्या भेटींवर खर्चावा, असे काही सांगा. असा नियम आम्ही देऊ शकत नाही, आणि दिला तर तो चुकीचा होईल. प्राप्ती दुप्पट झाली म्हणून सात वर्षांच्या मुलाचे खेळण्याचे तास दुप्पट होत नाहीत. प्राप्तीवरून फार तर वरची सीमा कळते. त्या सीमेपर्यंत जाण्याचे कारण तीतून मिळत नाही. ज्यास खूण हवीच असेल त्याने एवढे पाहावे की यंदा जे दिले तेच पुढील वर्षी, प्राप्ती न वाढता, कुरकुर न करता देता येईल काय. मूल गतवर्षीची भेट आरंभबिंदू समजते. चढलेली पायरी उतरताना त्याला दंड झाल्यासारखे वाटते.

भावंडांत सारखेपणा किमतीत असावा की आनंदात, हाही घरोघरचा वाद. लहान मूल पुडकी मोजते, मोठे मूल किंमत जाणते. पाच वर्षांच्या मुलीस रंगपेटी आणि चौदा वर्षांच्या मुलास दुचाकी दिली तर पैशाने अन्याय दिसतो, पण मुलगी सुखी असते. हाच न्याय तिला चौदावे लागेल तेव्हा आठवणीने पाळला म्हणजे झाले. न पाळला जाण्याचा संभव मुलीच्याच बाबतीत अधिक, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

तिकडे वेष्टणात गुंडाळून किमतीची चिठ्ठी काढून टाकतात. आपल्याकडे भाऊबीजेच्या ताटात नोट उघडी पडते, किंवा पाकिटावर नाव घालून एकशे एक, पाचशे एक अशी आकड्यासकट. आम्हांस वेष्टणाची पद्धत अधिक सुसंस्कृत वाटते, हे कबूल करण्यास हरकत नाही. ताटातील नोटेने दोन भावांची तुलना बहिणीच्या डोळ्यांपुढे होते, आणि ज्याची नोट लहान तो पुढील वर्षी ‘रजा मिळाली नाही’ असे कळवितो. असे भाऊ आमच्या पाहण्यात आहेत. एक रुपयाची जोड देण्यामागे मात्र सुंदर कल्पना आहे : रक्कम पूर्ण होऊन थांबू नये, नाते पुढे चालावे.

‘चौघीजणी’ हे पुस्तक आमच्या वाचनालयातील मुलींनी वाचलेले असेल. लुइसा मे अल्कॉट यांच्या १८६८ च्या कादंबरीचा शांता शेळके यांनी केलेला तो अनुवाद. त्याच्या आरंभी नाताळ आहे, वडील युद्धावर आहेत आणि घरात भेटी येणार नाहीत. चारही बहिणींपाशी एकेक डॉलर आहे, आणि त्या तो आईसाठी खर्च करण्याचे ठरवितात. धाकटी एमी हिशेबी. ती अत्तराची लहान कुपी घेते, म्हणजे उरलेल्यात स्वतःच्या पेन्सिली होतील. मग तिचे तिलाच ओशाळवाणे वाटते, आणि ती दुकानात परत जाऊन कुपी बदलून मोठी आणते, डॉलर संपतो. त्या घरात देणाऱ्या मुली आहेत आणि घेणारी आई, एवढ्या एका उलटापालटीने सारा प्रश्न हलका झाला आहे. मुलांच्या हाती थोडा पैसा द्यावा आणि दुसऱ्यासाठी काही आणावयास सांगावे. वस्तूस किंमत असते आणि पैसा संपतो, या दोन्ही गोष्टी त्यास एका दुपारीत कळतात. आमच्या जत्रेत हे शिक्षण पूर्वी आपोआप होत असे. आजोबा सर्व नातवंडांस सारखे पैसे देत, आणि मग शिट्टी घ्यावी, चक्री घ्यावी, की घरी राहिलेल्या आजीसाठी खाजे न्यावे, हा विचार करीत मूल सबंध पेठेतून तीन फेऱ्या मारी.

परदेशी नातवंडांस यंदा काय पाठवावे असे विचारणाऱ्यांस आमची सूचना अशी. नोव्हेंबरात, तिकडली दुकाने सजण्यापूर्वी, मुलगा-सून यांच्याशी बोलून रकमेची सीमा ठरवावी. एक वस्तू, मोज्यात मावेल एवढी, आणि तिच्याबरोबर हाताने लिहिलेले पत्र. मुलास मराठी वाचता येत नसेल तर आईने वाचून दाखवावे, तेवढीच दोघींची किंवा दोघांची उजळणी होईल. शेजारच्या ख्रिस्ती घरातून नाताळात दोदोल आणि नेवऱ्यांचे ताट येते, ते आपण रिकामे परत करीत नाही, त्यात काय घालतो आणि का, हे त्या पत्रात अवश्य लिहावे. टपालाचा खर्च वस्तूहून जास्त होईल हे धरून चालावे, आणि डिसेंबरच्या गर्दीत पार्सले रखडतात म्हणून ते पहिल्या आठवड्याच्या आत टपालात पडेल असे पाहावे.